मेडलवर 1783 लिहिलंय म्हणून ते 1783 चंच असेल असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की फ्रान्समधल्या एका ऑनलाइन लिलावात, 1783 मधे गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंचं तांब्याचं मेडल आलंय, वर्णनात "1783, ओरिजिनल" लिहिलंय, कडेच्या फोटोत एक छोटीशी मधमाशी आणि फ्रेंचमधला तांबं हा शब्द ठोकलेला दिसतोय, तर ते घ्यावं का, आणि सुरुवातीच्या बलून उड्डाणांच्या मेडल्सचं कलेक्शन करायचं असेल तर कुठून सुरू करावं. मी बरीच वर्षं हाच एक विषय गोळा करतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी मेडलचं बघू. ती मधमाशीच तुम्हाला सगळं सांगतेय. पॅरिसच्या सरकारी टांकसाळीने 1832 पासून आपल्या मेडल्सच्या कडेवर खूण ठोकायला सुरुवात केली आणि ही खूण ठराविक काळाने बदलत गेली. 1832 पासून जुन्या पद्धतीचा दिवा, मग 1841-42 च्या सुमारास थोडाच काळ नांगर, 1842 पासून जहाजाचं नाकाड, 1845 ते 1860 बोट दाखवणारा हात, 1860 पासून 1879 पर्यंत मधमाशी, आणि 1880 पासून आजपर्यंत फळाफुलांनी भरलेलं शिंग. शेजारी धातूचं नाव असतं, तांबं किंवा ब्रॉंझ किंवा चांदी, आणि अलीकडच्या बऱ्याच नगांवर काढल्याचं सालसुद्धा असतं. म्हणजे तुमचं मेडल 1860 ते 1879 मधे कधीतरी काढलेलं आहे, 1783 च्या डिझाइनचं, पण घटनेनंतर पाऊणशे ते शंभर वर्षांनी. याला रीस्ट्राइक म्हणतात.

आता याचा अर्थ ते खोटं आहे असा अजिबात नाही. टांकसाळीने जुने ठसे जपून ठेवले आणि मागणी असेल तसं पुन्हा पुन्हा त्यातून मेडलं काढली, हा त्यांचा अधिकृत धंदाच होता आणि आजही आहे. वस्तू खरी आहे, दीडशे वर्षांच्या आसपास जुनी आहे, दिसायला बहुतेक वेळा सुंदरच असते कारण तेव्हाची ब्रॉंझिंगची, म्हणजे तांब्यावर तपकिरी रंग चढवायची, कामं फार चांगली होती. फक्त वर्णन चुकीचं आहे आणि त्या वर्णनाप्रमाणे लावलेली किंमतही चुकीची असणार. तर माझं मत, रीस्ट्राइकच्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या, 1783 च्या भावात अजिबात घेऊ नका, आणि विकणाऱ्याला कडेची खूण दाखवून शांतपणे विचारा, बरेच जण खरोखर अज्ञानापोटी तसं लिहितात आणि किंमत कमी करतात.

आणि हीच या अख्ख्या छंदातली मुख्य गोष्ट आहे म्हणून जोर देऊन लिहितो. नाण्यावर साल असतं ते साधारणपणे नाणं पाडल्याचं असतं, मेडलवर साल असतं ते घटनेचं असतं. बलूनच्या बाबतीत तर हे फारच गोंधळाचं आहे कारण 1783 च्या घटनांची मेडलं तीन वेगवेगळ्या लाटांमधे निघाली. पहिली लाट त्याच वेळची, 1783 ते साधारण 1790. दुसरी 1883 ची, शताब्दीची, तेव्हा आनोने या माँगोल्फिएंच्या गावात त्यांचा पुतळा उभा राहिला आणि शताब्दीची मेडलं निघाली. तिसरी 1983 ची, द्विशताब्दीची, ही तर जगभर होती, सरकारी टांकसाळी, खासगी टांकसाळी, बलून क्लब सगळ्यांनी काढली, आपल्या टपाल खात्यानेसुद्धा त्या वर्षी तिकिटं काढली होती. आणि या तिन्हींच्या मधल्या काळात रीस्ट्राइक चालूच. त्यामुळे कुठलंही बलून मेडल हातात आलं की चेहरा बघायच्या आधी कड बघायची. फोटोत कड नसेल तर मागवायची. कडेचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घ्यायचं नाही, मग मेडल कितीही देखणं असो.

मग 1783 चं खरं मेडल कसं ओळखायचं? कड कोरी असते, कारण तेव्हा खूण ठोकायची पद्धतच नव्हती. पण कोरी कड म्हणजे जुनं असा उलटा निष्कर्ष काढू नका कारण 1832 च्या आधीही रीस्ट्राइक होऊ शकतं, शिवाय कोणी खूण घासून काढलेली असू शकते, त्या जागी कड किंचित सपाट किंवा जास्त चकचकीत दिसते, भिंगातून बघितलं की कळतं. ठशाला पडलेली तडा हा दुसरा पुरावा. ठसा वापरून वापरून झिजतो, त्याला गंज चढतो, बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगा मेडलवर उठावाच्या रेषा म्हणून उतरतात. पहिल्या काळातल्या मेडलवर अक्षरांच्या भोवती साफ पृष्ठभाग असतो, उशिराच्या मेडलवर बारीक पुरळ उठल्यासारखं दिसतं, ते ठशाच्या गंजाचं.

तुमचं जे मेडल आहे ते बहुतेक गातोचं असावं, निकोला-मारी गातो, त्या काळचा पॅरिसचा नावाजलेला मेडल कोरणारा. दोन्ही भाऊ, जोसेफ आणि एतिएन, एकाच दिशेला तोंड करून एकामागे एक, आणि हवा नौकानयनाला योग्य केल्याबद्दल अशा अर्थाचा फ्रेंच मजकूर. साधारण 42 मिलिमीटर. हे शब्द मला फार आवडतात कारण त्यातून त्या लोकांना काय वाटलं होतं ते कळतं. जहाज जसं हाकता येतं तशी हवा आता हाकता येणार अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात बलून वाऱ्याच्या मर्जीवर जातं, हाकता येत नाही, आणि पुढची शंभरेक वर्षं माणसं वल्ही, पंख, शिडं लावून बघत होती. पण 1783 च्या त्या काही महिन्यांत सगळंच शक्य वाटत होतं.

ते महिने तारखांसकट डोक्यात बसवा, मेडल ओळखायला याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. 4 जूनला आनोनेला कागद कारखानदार माँगोल्फिए बंधूंनी कापड आणि कागदाचा फुगा गरम हवेने वर सोडला. 27 ऑगस्टला पॅरिसच्या शाँ द मार्सवरून भौतिकशास्त्रज्ञ झाक शार्ल आणि रोबेर बंधूंनी हायड्रोजनचा फुगा सोडला, तो गोनेस गावात पडला आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. 19 सप्टेंबरला व्हर्सायला सोळाव्या लुईसमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले आणि जिवंत खाली आले. 21 नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही दोन माणसं पहिल्यांदा मोकळ्या, म्हणजे दोराने न बांधलेल्या, फुग्यातून उडाली, साधारण 25 मिनिटं, पॅरिसवरून. आणि दहाच दिवसांनी 1 डिसेंबरला शार्ल आणि रोबेरमधला एक भाऊ हायड्रोजनच्या फुग्यातून त्वीलरीच्या बागेतून निघाले. म्हणजे जून ते डिसेंबर, सहा महिन्यांत सगळं.

आता मेडलवरचं चित्र वाचायचं. गरम हवेचा फुगा असेल तर खाली तोंड उघडं, त्याभोवती माणसं उभी राहायची गॅलरी, वर भरपूर नक्षी, राजाची अक्षरं, सूर्याचे चेहरे वगैरे. हायड्रोजनचा असेल तर गोल गरगरीत फुगा, वरच्या अर्ध्यावर जाळी, मधे कडं, आणि खाली दोऱ्यांनी लटकलेली होडीसारखी गाडी. एवढं जरी लक्षात ठेवलं तरी विकणाऱ्याने "माँगोल्फिए" म्हणून लावलेली अर्धी मेडलं प्रत्यक्षात शार्ल-रोबेरची निघतात. आणि फुग्याला वल्ही किंवा पंख असतील, फुगा आणि गाडीच्या मधे उघडलेल्या छत्रीसारखं काहीतरी असेल, तर तो झाँ-पिएर ब्लांशार. त्याने 2 मार्च 1784 ला पॅरिसमधून उडताना असलाच सगळा सरंजाम लावला होता. स्वस्तातल्या मेडल्सवर मात्र कोरणाऱ्याने स्वतः फुगा पाहिलेला नसायचा, छापील चित्रावरून कोरायचा, त्यामुळे दोन्ही जातींची खिचडीसुद्धा सापडते, तेव्हा मजकूर आणि तारीखच निर्णायक धरायची.

ब्लांशारवर जरा जास्त लिहितो कारण माझ्या मते या विषयातलं सगळ्यात श्रीमंत दालन त्याचंच आहे आणि नवीन माणूस तिथे सहसा जात नाही. 7 जानेवारी 1785 ला तो आणि अमेरिकन डॉक्टर जॉन जेफ्रीज डोव्हरहून निघून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला गीनच्या जंगलात उतरले, वाटेत फुगा खाली यायला लागला तेव्हा गाडीतलं सामान, नक्षी, शेवटी अंगावरचे कपडेसुद्धा फेकले. या एका उड्डाणाने त्याला युरोपभर नाव मिळालं आणि मग तो गावोगाव तिकीट लावून उडायला लागला. फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, न्यूरेंबर्ग, पुढे वॉर्सा, प्राग, व्हिएन्ना, आणि 9 जानेवारी 1793 ला फिलाडेल्फियाला जॉर्ज वॉशिंग्टनसमोर. जिथे जिथे उड्डाण तिथे हजारो माणसं जमायची आणि जिथे माणसं जमायची तिथे मेडल विकणारा यायचाच. जर्मन गावांमधली ही मेडलं बरीचशी कथलाची आहेत, म्हणजे सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी, श्रीमंतांसाठी तेच चांदीत.

या कथलाच्या मेडल्समधे एक फार छान गोष्ट असते. न्यूरेंबर्गजवळच्या फ्युर्टचा योहान ख्रिस्टियान राइश आणि त्या भागातले इतर कारागीर कथलाच्या चकतीत ठोकण्यापूर्वी तांब्याची एक बारीक मेख घालायचे. मेडल ठोकलं की ती मेख मेडलचाच भाग होऊन जाते, पण रंगाने तांबूस ठिपका म्हणून दिसत राहते, आणि तिच्यावरूनही डिझाइनच्या रेषा सलग गेलेल्या असतात. हे कशासाठी, तर कथील लवकर वितळतं, कोणीही घरच्या चुलीवर साचा करून त्याची ओतीव नक्कल पाडू शकतो, पण ओतलेल्या नकलेत ही मेख येत नाही. म्हणजे कारागिराची हमीच ती. न्यूरेंबर्गला 12 नोव्हेंबर 1787 ला ब्लांशारचं 28 वं उड्डाण झालं त्याची कथलाची मेडलं मिळतात, त्यात हा ठिपका शोधा. ठिपका नसेल तर लगेच खोटं असं समजू नका, सगळेच कारागीर मेख घालत नव्हते, पण असेल आणि रेषा त्यावरून सलग असतील तर मन निश्चिंत होतं. लिलावाच्या जर्मन वर्णनात या मेखेचा उल्लेख जवळजवळ नेहमी असतो, तो शब्द ट्रान्सलेट करून बघून ठेवा.

जर्मनीतलं अजून एक, ज्यावर माझा फार जीव आहे. आउग्सबुर्गच्या बॅरन फॉन ल्युटगेनडॉर्फने पहिला जर्मन बलूनवीर व्हायचं ठरवलं, मोठी जाहिरात झाली, ऑगस्ट 1786 मधे लोक लांबलांबून आले, आणि फुगा वर गेलाच नाही. पण मेडलं निघाली होती. न झालेल्या उड्डाणाची मेडलं आज लिलावात येतात आणि ती खरीखुरी त्या काळची आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत यशस्वी माणसंच उरतात, मेडलवाल्याने मात्र उत्सुकता विकली, निकाल लागायची वाट बघितली नाही, आणि त्यामुळे त्या दिवसापर्यंत लोकांना काय अपेक्षा होती ते आपल्याला धातूत हातात धरता येतं. कलेक्शनमधे असं एक तरी मेडल असावं असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडचं म्हणाल तर तिथे विन्सेंझो लुनार्डी. नेपल्सच्या वकिलातीतला तरुण इटालियन सेक्रेटरी, 15 सप्टेंबर 1784 ला लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवरून उडाला, बरोबर मांजर, कुत्रा आणि कबुतर. मांजराला थंडी सोसेना म्हणून वाटेत एकदा खाली टेकून सोडून दिलं आणि पुढे हर्टफर्डशायरमधे उतरला. दिसायला देखणा, प्रसिद्धीची जाण असलेला, त्यामुळे त्याच्या नावाच्या टोप्या निघाल्या तशी मेडलंही निघाली, एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला फुगा. यात एक बारकावा आहे. मेडलवर तो इंग्लंडमधला पहिला असं म्हटलेलं असतं, ब्रिटनमधला नाही, कारण जेम्स टायटलर त्याच्या आधी काही आठवडे, 27 ऑगस्टला, एडिंबराला स्कॉटलंडमधे उडाला होता. ज्या वर्णनात "ब्रिटनमधलं पहिलं उड्डाण" लिहिलंय त्या विकणाऱ्याने मेडल नीट वाचलेलं नाही हे समजून जा आणि बाकीचं वर्णनही तपासून घ्या.

आता सुरुवात कुठून करावी. मी नवीन माणसाला 1783 पासून सुरू करायला सांगत नाही, कारण पैसे जास्त, रीस्ट्राइकचा गुंता जास्त, आणि डोळा तयार नसतो. मी 1878 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या आंरी जिफारच्या, दोरखंडाने जमिनीला बांधलेल्या फुग्याच्या मेडलपासून सुरू करायला सांगतो. हा फुगा म्हणजे प्रकरणच होतं. त्वीलरीच्या पटांगणात, 36 मीटर व्यास, 25,000 घनमीटर हायड्रोजन, वाफेच्या यंत्रावर गुंडाळलेला जाडजूड दोरखंड, एका वेळी 40-50 माणसं पाचशे मीटरच्या वर जाऊन पॅरिस बघून परत खाली. हजारो माणसं वर जाऊन आली आणि त्यांच्यासाठी आठवणीचं मेडल होतं, त्रोतँ नावाच्या कोरणाऱ्याचं, एका बाजूला फुगा आणि खाली पसरलेलं पॅरिस, दुसऱ्या बाजूला श्री. जिफार यांच्या वाफेवरच्या मोठ्या फुग्यातून केलेल्या माझ्या उड्डाणाची आठवण असा मजकूर. "माझ्या" हा शब्द बघा. गातोचं मेडल दोन थोर माणसांचा सत्कार करतं, हे मेडल ज्याच्या खिशात होतं त्या माणसाबद्दल बोलतं. पंचाण्णव वर्षांत बलून राजदरबारातून सामान्य माणसापर्यंत कसं आलं ते ही दोन मेडलं शेजारी ठेवली की दिसतं, आणि म्हणूनच तुमचं ते मधमाशीवालं रीस्ट्राइक मी घ्या म्हणतोय, तेही जिफारच्याच काळात छापलेलं आहे, जोडी फार छान होईल.

जिफारचं मेडल भरपूर निघालं त्यामुळे आजही भरपूर मिळतं, लहान-मोठ्या आकारात, सोनेरी मुलामा दिलेलं किंवा साधं. भरपूर मिळतं म्हणून तुम्हाला निवडता येतं, आणि निवडता येतं म्हणून डोळा तयार होतो. दहा-पंधरा नगांचे फोटो शेजारी ठेवून बघा, मुलामा कुठे उडतो, उठावाचे कुठले भाग आधी झिजतात, कडी काढून टाकलेली जागा कशी दिसते, घासून चमकवलेलं मेडल आणि न घासलेलं मेडल यात काय फरक असतो, हे सगळं स्वस्तात शिकता येतं. तोच डोळा मग ब्लांशार-लुनार्डीला कामाला येतो.

त्याच्या शेजारचा विषय म्हणजे 1870-71 चा पॅरिसचा वेढा. प्रशियाच्या फौजांनी पॅरिस कोंडलं तेव्हा 23 सप्टेंबर 1870 पासून साठाहून जास्त फुगे टपाल आणि माणसं घेऊन बाहेर पडले, रेल्वे बंद होती म्हणून रिकाम्या स्टेशनांच्या छपराखाली फुगे शिवले जात होते, 7 ऑक्टोबरला मंत्री गांबेता माँमार्त्रवरून फुग्यातून निघून गेला, एक फुगा तर वाऱ्याने थेट नॉर्वेला जाऊन पडला. याची व्हाइट मेटलची, म्हणजे कथलासारख्या पांढऱ्या मिश्रधातूची, छोटी छोटी मेडलं मिळतात, कामाला ओबडधोबड, घाईत काढलेली, पण मला ती फार बोलकी वाटतात. टपाल तिकिटं गोळा करणारे या काळाच्या पत्रांच्या मागे असतात आणि भाव चढवतात, मेडलं त्या मानाने दुर्लक्षित आहेत. सौंदर्य शोधत असाल तर इथे मिळणार नाही हे आधीच सांगतो.

खोटेपणाबद्दल दोन-तीन गोष्टी. वर्णनात ठोकलेलं आहे की ओतीव आहे हे विचारा. ओतीव नक्कल मूळ नगापेक्षा किंचित लहान येते, कारण धातू थंड होताना आकसतो, म्हणून व्हर्नियर कॅलिपर आणि दागिन्यांचा छोटा डिजिटल वजनकाटा ही दोन साधनं घ्याच. ब्रिटिश म्युझियम, पॅरिसची राष्ट्रीय लायब्ररी, वॉशिंग्टनचं एअर अँड स्पेस म्युझियम यांच्या साइटवर मेडल्सचे फोटो आणि व्यास दिलेले असतात, ते फुकट आहे, त्याच्याशी ताडून बघा. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर, मऊ दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात. दुसरा प्रकार इलेक्ट्रोटाइप, म्हणजे विजेच्या साहाय्याने पातळ पत्रा चढवून दोन बाजू वेगळ्या करायच्या आणि मधे शिसं भरून जोडायच्या. तपशील हुबेहूब येतो, वजन मात्र चुकतं आणि कडेवर जोडाची रेघ असते. एकोणिसाव्या शतकात म्युझियम्स स्वतः प्रदर्शनासाठी अशा प्रती करून घेत, तेव्हा त्यामागे लबाडी असेलच असं नाही, पण भाव प्रतीचाच द्यायचा. पुन्हा कड आलीच बघा.

भोक पाडलेलं किंवा कडी लावलेलं मेडल घ्यावं का, असंही बरेच जण विचारतात. बलूनच्या बाबतीत मी घेतो. ही मेडलं लोकांनी गळ्यात, कोटाला, घड्याळाच्या साखळीला घातली, ते त्यांच्या वापराचाच भाग आहे. कडी तोडून, जागा घासून, वर नवा रंग चढवून "परफेक्ट" केलेलं मेडल मात्र नको, त्यापेक्षा सरळ भोक असलेलं बरं.

आता आपल्या हवामानाचं, हे युरोपातल्या पुस्तकांत नीट मिळत नाही आणि मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांनी तर लक्ष देऊनच वाचा. तांब्या-ब्रॉंझचा शत्रू म्हणजे दमट हवा आणि मीठ. फिकट हिरवी, भुकटीसारखी, नखाने खरवडली की निघणारी पूड दिसली तर तो क्लोराइडचा रोग आहे, ते मेडल लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, कोरड्या डब्यात ठेवा आणि धातूंच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. गडद, कडक, चिकटून बसलेला हिरवा-तपकिरी थर मात्र पॅटिना आहे, तो रोग नाही, त्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, रंग बदलला की जेल वाळवून परत वापरायचं. डांबरगोळ्या त्या कपाटात नकोत. लोकर आणि काही मखमल यातून गंधकाची वाफ येते, चांदी काळी पडते. शिसं आणि शिसं मिसळलेली व्हाइट मेटलची मेडलं ओक, प्लायवूड, एमडीएफ यांच्या ड्रॉवरमधे ठेवू नका, त्या लाकडातून आणि गोंदातून येणाऱ्या आम्लाने शिशावर पांढरी पूड चढते. मऊ पीव्हीसीची चिकट होणारी पाकिटंही नकोत.

आणि घरात कोणी पाहुणा किंवा मोठी माणसं प्रेमाने म्हणतील, आण इकडे, चिंच लावून लख्ख करून देते, तर हात जोडून नाही म्हणा. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीच नाही. दीडशे-दोनशे वर्षांनी बसलेला रंग एकदा गेला की परत येत नाही आणि मेडलची निम्म्याहून जास्त किंमत त्याच्याबरोबर जाते. फार धूळ असेल तर मऊ कोरडा ब्रश, बस. हाताळताना कड धरून हाताळा, पृष्ठभागावर बोटाचा ठसा पडला तर घामातलं मीठ तिथेच राहतं आणि काही महिन्यांनी तोच ठसा कायमचा उमटलेला दिसतो.

खरेदीच्या व्यवहाराचं पटकन सांगतो. युरोपातल्या लिलावात हातोडा पडल्याच्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन लागतं, बहुतेक ठिकाणी 20-25 टक्क्यांच्या आसपास, वर पोस्टेज, इन्शुरन्स, आणि इथे कस्टम ड्यूटी, त्यामुळे बोली लावण्याआधी हा सगळा हिशोब करून आपली मर्यादा कागदावर लिहा. पार्सलवर खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा, कमी दाखवलेलं पार्सल हरवलं की काहीच हातात येत नाही. आणि शंभर वर्षांवरच्या वस्तू भारताबाहेर पाठवण्यावर 1972 च्या कायद्याने कडक बंधनं आहेत, म्हणजे एकदा इथे आणलेलं जुनं मेडल नंतर परदेशात विकेन किंवा परत पाठवीन असं गृहीत धरू नका, आवडलं तरच आणा. पावती, लिलावाच्या पानाची प्रिंट, जुनं पाकीट, आधीच्या मालकाची हस्तलिखित चिठ्ठी, काहीही फेकू नका, मेडलबरोबरच ठेवा.

शोधताना एवढं करा, फ्रेंच आणि जर्मनमधे बलून, बलून चालवणारा, उड्डाण यांचे शब्द भाषांतरातून काढून त्या त्या भाषेतच टाका, आणि ब्लांशार, लुनार्डी, जिफार ही नावंही टाका. छोट्या लिलावांमधे "फ्रान्स, विविध मेडलं, 30 नग" अशा ढिगात जिफारचं मेडल कितीतरी वेळा पडलेलं असतं, ढिगाच्या फोटोत गोल फुगा दिसतोय का ते बघायची सवय लावा.

भारताशी जोडलेलं काही मिळेल का, हेही तुम्ही विचारलंय. पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज बलूनवाला 1889 मधे मुंबई आणि कलकत्त्याला येऊन उड्डाणं करून गेला, आणि त्याच वर्षी त्याच्याकडून शिकून रामचंद्र चटर्जींनी कलकत्त्यात स्वतः उड्डाण केलं. यासाठी मी मेडलपेक्षा कागदाच्या मागे लागायला सांगेन, तेव्हाची वर्तमानपत्रं, जाहिराती, तिकिटं, जुन्या रद्दीवाल्यांकडे आणि लायब्ररी विकायला काढणाऱ्या घरांमधे डोळे उघडे ठेवा. बलूनच्या मेडलशेजारी त्या काळचा एखादा कागद ठेवला की मेडल जास्त कळतं.

तर पुढची पायरी म्हणून विकणाऱ्याला आज मेल करा, कड पूर्ण गोल फिरवून चार फोटो मागा, व्यास मिलिमीटरमधे आणि वजन ग्रॅममधे मागा, आणि मधमाशीच्या बाजूला अजून काही ठोकलेलं आहे का ते विचारा. उत्तर आलं की आकडे इथे टाका, बघून सांगतो किती पर्यंत जायचं ते.